मोरीचं पाणी केळीला

उमेळ्यातलं आमचं घर आठवायला बसले की मला पुढचा ओटा आठवत नाही, दारावरचा क्रूस आठवत नाही. आठवते ती घराची मागची बाजू. मोरीच्या भिंतीला खाली एक भोक होतं, त्यातून पाणी बाहेर पडायचं आणि विटांच्या अरुंद पाटातून केळीच्या बनात जायचं. अंघोळीला कोण बसलंय हे मागच्या पायरीवर बसून मला नुसत्या आवाजावरून ओळखता यायचं. बाबा भराभर तांबे ओतायचे, त्यांचं पाणी धाडधाड येऊन पाटाच्या बाहेर उडायचं. आईचं थांबत थांबत यायचं, कारण मधेच तिला चुलीवरचं काहीतरी आठवायचं आणि ती आतूनच ओरडायची. आणि आत्याचं पाणी असं यायचं, की अर्ध्या तांब्यात माणूस अंघोळ कशी करतं असा प्रश्न पडावा. पाट जिथे संपायचा तिथे केळीच्या बुडाशी अळू माजलेलं असायचं, त्याची पानं आमच्या ताटांपेक्षा मोठी. त्या केळींची सुकेळी व्हायची. सोललेली पिकलेली केळी उन्हात वाळत घातली की मधमाश्या यायच्या, त्यांना हाकलायचं काम माझं आणि पास्कूचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं. त्या कामात मधमाश्यांपेक्षा जास्त केळी आम्हीच खाल्ली असतील.

रेजूआत्या बाबांची मोठी बहीण. तिचं लग्न झालं नव्हतं. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. न विचारणं ही आमच्या घराची रीतच होती, आणि मी ती जरा जास्तच चांगली शिकले. वाडी तिच्या ताब्यात होती. माड, केळी, पानवेलींचे उरलेसुरले चार मांडव, आणि विहिरीजवळचे भाजीचे वाफे. आमची घरची बोली वेगळी आहे, ती कागदावर आणली की तिचं पाणी आटतं, म्हणून आत्याचं बोलणं मी इथे साध्या मराठीतच लिहिते आहे. पण तिचा एक नियम असा होता की तो कुठल्याही बोलीत तितकाच ठणकून ऐकू यावा. "मोरीचं पाणी केळीला. केळ सोलून खातात, अळू शिजवून खातात. जे तोडून तसंच तोंडात जातं, त्याला मोरीचं पाणी दाखवायचंसुद्धा नाही." कोथिंबीर, पुदिना, मुळा, कांद्याची पात यांना बावखलाचं पाणी. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं. पावसाचं पाणी धरून ठेवणारं, गोडं. हे कुठे शिकलीस असं तिला विचारलं तर म्हणायची, "शिकायचंय काय त्यात? नाक आहे ना?"

आत्याची आणखी एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रविवारी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा म्हणून ती चर्चमधली मिस्सा होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायची नाही. फादरांनी ते नियम कधीच सैल केले होते, पण आत्याने नव्हते केले. आणि सणावाराचा स्वयंपाक तर सकाळीच व्हायचा. मग मीठ कोण बघणार? घरातलं सगळ्यात लहान पोर. आधी मी, आणि पास्कू बोलायला लागल्यापासून पास्कू. पाट्यावर चटणी वाटून झाली की ती त्याला हाक मारायची, उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर चटणी घ्यायची आणि म्हणायची, "मीठ बघ रे." पास्कू ते बोट असं चोखायचा की आई म्हणायची, "अरे, बोट तरी ठेव तिचं!" खरं तर मीठ पहिल्याच खेपेला बरोबर असायचं. तरी तो लबाड "कमी आहे" म्हणायचा, म्हणजे पुन्हा बोट मिळेल. आत्याला ते कळायचं. ती चिमूटभर मीठ घातल्यासारखं करायची आणि पुन्हा बोट पुढे करायची. आत्याच्या हाताला चव आहे असं सगळं गाव म्हणायचं, पण मला वाटतं तिला स्वतःला ते पास्कूच्या जिभेवरूनच कळत होतं.

शेजारच्यांनी वाडी विकली त्या वर्षी बावखल गेलं. ते दोन वाड्यांच्या सीमेवर होतं, अर्धं आमचं, अर्धं त्यांचं. पण डबर टाकणाऱ्या गाडीला सीमा कळत नाही. पाहता पाहता त्यात विटा, फरशांचे तुकडे, कुणाच्या तरी पाडलेल्या संडासाची भांडी येऊन पडली. आत्या काठावर उभी राहून बघत होती. घरात आल्यावर बाबांना म्हणाली, "तुझ्या पोरांना पोहायला येतं ना? आता विसरतील." पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ झालं. आजूबाजूच्या नव्या बिल्डिंगांनी बोअर मारल्या होत्या, खाडीचं पाणी आत सरकत होतं. ते पाणी घातलं की पाल्याची टोकं पिवळी पडून करपायची. प्यायला टँकरचं पाणी यायचं, ते हंड्यांत मोजून वापरायचं. आणि त्याच उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण फिलू जन्मली. आई बाळंतपणानंतर अंथरुणावरच होती, त्यामुळे स्वयंपाक, वाडी, बाळाचे लंगोट, सगळं आत्यावर पडलं. लंगोटांचं पहिलं घाण पाणी ती घमेल्यात भरून लांब माडाच्या आळ्यात नेऊन ओतायची आणि वर माती ओढायची. नंतरचं खळबळलेलं पाणी मोरीत, म्हणजे केळीला.

मी तेव्हा आठवीत-नववीत असेन. आत्याने मला एक वाफा दिला होता, माझा स्वतःचा, केळीच्या सावलीतला. "उन्हाळ्यात कोथिंबीर धरत नाही," ती म्हणाली होती, "पण बघ करून." फिलूचा बाप्तिस्मा ठरला तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की त्या दिवशीच्या पावाच्या चटणीला कोथिंबीर आणि पुदिना माझ्या वाफ्यातला असेल, बाजारातला नाही. बाबा हसले. "आमची सेलू आता शेतकरीण होणार म्हणायची!" त्या हसण्यात चेष्टा होती की कौतुक, मला कळलं नाही, आणि म्हणूनच मी हट्टाला पेटले. आणि वाफा मात्र विहिरीच्या पाण्याने रोज थोडा थोडा मरत होता.

शाळेत विज्ञानाच्या बाईंनी पाण्याच्या पुनर्वापरावर धडा घेतला होता. त्या म्हणाल्या होत्या की साबणाच्या पाण्यातसुद्धा झाडांचं खाणं असतं. मला तेवढंच हवं होतं. केळीच्या बनामागे एक जुनं पत्र्याचं पिंप अर्धं जमिनीत रुतलेलं होतं. मी पाटात केळीच्या खुंटाचा तुकडा आडवा घातला आणि मोरीचं पाणी पिंपात वळवलं, वर सुकी पानं टाकली. एका दिवसात वापरण्याइतकं ते जमायचं नाही, म्हणून साठवत राहिले. ते पाणी आधी राखाडी झालं, मग त्यावर साय आली, मग त्याला असा वास सुटला की मी ओढणी नाकाला बांधून झारी बुडवायचे. संध्याकाळी, आत्या तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला आत बसली की मी ते पाणी वरून, पानांवरून शिंपडायचे; मुळाशी घातलं तर भरभर जिरून जायचं, वरून शिंपडलं की पानं कशी तरारलेली दिसायची. आणि वाफा खरंच उठला. इतका हिरवा, इतका दाट, की मी सकाळी उठून आधी तिकडे पळायचे. आत्या एकदा म्हणाली, "केळी का उदास दिसतायत ग?" मी म्हटलं, "ऊन किती आहे आत्या." ती आपली हो म्हणाली. रात्रंदिवस बाळासाठी जागणारी बाई, तिला केळीच्या बनामागे जाऊन बघायला वेळ कुठे होता! त्याच दिवसांत फिलूला आव पडायला लागली होती, लंगोट आधीपेक्षा कितीतरी जास्त निघत होते. ते खळबळलेलं पाणी मी केळीच्या तोंडातून काढून कोथिंबिरीवर शिंपडत होते.

बाप्तिस्म्याच्या सकाळी मी सुपातून पाला घेऊन स्वयंपाकघरात गेले तेव्हा आत्या बघतच राहिली. "हे तू केलंस? या पाण्यावर?" मी मान हलवली. तिने माझा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि आतल्या खोलीत आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिच्या हाताला गुण आहे ग. माझ्यामागे वाडी ही बघेल." मग तिने पाला पातेल्यातल्या टँकरच्या पाण्यात एकदा बुडवून काढला; त्या दिवसांत दुसऱ्यांदा धुवायला पाणी कुणी घेत नसे. स्वतःचे हात मात्र तिने चुलीतल्या राखेने चोळून धुतले, आणि पुन्हा एकदा धुतले. हे मी पाहिलं आहे. मी दारातच उभी होते. चटणी वाटून झाली, पास्कूला हाक गेली, बोट पुढे झालं. "मीठ बघ रे." "कमी आहे." पुन्हा बोट. "अजून कमी." त्या दिवशी आत्या इतकी खुशीत होती की तिने त्याला किती वेळा बोट दिलं कोण जाणे. वर त्याने पाट्यावरचं उरलेलंही चाटलं.

पाहुण्यांपैकी दोघाचौघांची पोटं बिघडली, ती ताकावर बरी झाली. पास्कूला मात्र धरलं. आधी उलट्या, मग रक्ताची आव, मग अंगातलं सगळं पाणी गेल्यासारखे डोळे आत गेले. सिस्टरांच्या दवाखान्यात त्याला सलाईन लावलं तेव्हा त्याच्या हाताची शीर सापडत नव्हती. मी पेजेचा डबा घेऊन दुपारी तिथे पोचले. डॉक्टर बाबांना आणि आत्याला खोलीबाहेर उभं करून विचारत होते. घरात आणखी कुणाला आव आहे का? बाळाला आहे. बाळाचे लंगोट कोण धुतं? "मी," आत्या म्हणाली. चटणी कुणी वाटली? "मीच." डॉक्टर वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. तो म्हणाला, "मग दुसरं काय शोधायचं, बाई? तुमच्या हातातूनच गेलं ते." आत्या म्हणाली, "मी राखेने धुतले होते हात." तो म्हणाला, "तुम्हाला वाटतं धुतले." आणि आत खोलीत गेला.

आत्याने आपले दोन्ही हात पदरात घेतले. एखाद्याने कुणाच्या तरी नजरेपासून काहीतरी लपवावं तसे. मी तिच्यापासून दोन पावलांवर होते, डबा गरम होता, बोटं भाजत होती, आणि मला सगळं ठाऊक होतं. डॉक्टरचं वाक्य संपलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते सायीचं पिंप आलं. मला तोंड उघडायचं होतं. पण पास्कू मेला तर मी काय होईन, एवढा एकच विचार मनात होता. आत्या काय होईल हा विचार आलाच नाही. इतक्या वर्षांनी मी स्वतःला सगळ्यात जास्त दोष देते तो पाण्यासाठी नाही. पाण्याचं मला कळत नव्हतं. दोष देते तो या दुसऱ्या विचारासाठी, जो मला आला नाही.

पास्कू वाचला. मी घरी येऊन पिंप ओतून टाकलं, पाट मोकळा केला आणि वाफा मुळासकट उपटला. आत्याने तो उपटलेला वाफा पाहिला आणि मला जवळ घेतलं. तिला वाटलं भावाच्या दुःखाने केलं. जवळ घेताना तिचे हात मात्र माझ्या अंगाला लागले नाहीत, कोपरांनीच घेतलं तिने. त्या दिवसापासून ती पाट्यावर बसली नाही. लाल साबणाने हात धुवून धुवून तिची कातडी भेगाळली. भाजी चिरायची, चूल पेटवायची, वाडी करायची. पण कुणाला हाताने घास भरवला नाही. पास्कू दवाखान्यातून आल्यावर हट्ट करून तिच्या मांडीवर बसायचा आणि तोंडाचा आ करायचा. ती चमचा आणायची. फिलू तर चमच्यावरच वाढली. सणाला बायका विचारायच्या, "रेजू, चटणी नाही का ग यंदा?" आई काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. मी दर महिन्याला कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला जायचे, जाळीपुढे गुडघे टेकून खोटं बोलले, भांडले, अभ्यास केला नाही असं सगळं सांगायचे आणि हे एक ठेवून उठायचे. पुढे लग्न झालं, नोकरी लागली. माझ्या मुलीचं, रियाचं उष्टावण झालं तेव्हा आत्या मागच्या दाराशी उभी होती. मी म्हटलं, "आत्या, तू भरव ना." ती म्हणाली, "माझं असू दे." तेव्हाही मी गप्प राहिले.

आता मी एव्हरशाईन सिटीत राहते, तिसऱ्या मजल्यावर. पाण्याचे हाल इथेही आहेतच, टँकरचा भोंगा अजून ओळखते. या उन्हाळ्यात रियाने वॉशिंग मशीनचा पाइप बादलीत सोडला आणि पाणी साठवायला सुरुवात केली. मला बरंच वाटलं. पाणी वाया घालवू नये हे मी जन्मभर ऐकत आले आहे. फरशी पुसायला, संडासात ओतायला, कुंडीतल्या मनीप्लँटला, खुशाल वापरावं, आणि त्याच दिवशी संपवावं. पण परवा पाहिलं तर ती बाल्कनीत कालच्या बादलीतलं पाणी पुदिन्यावर शिंपडत होती. मी तिचा मनगटापाशी हात धरला. इतका घट्ट, की ती दचकली.

"मम्मी! साधं साबणाचं पाणी आहे ग."

"त्यात अंगावरचं सगळं असतं. शिळं झालं की वाढतं. पुदिन्याला नको."

"तू एवढी का घाबरलीस पण?"

आणि मी तिथेच बाल्कनीत खाली बसले आणि सांगितलं. नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं, फादरांना सांगितलं नव्हतं, ते चोवीस वर्षांच्या पोरीला सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "हे मला काय सांगतेस? आत्याआजीला सांग."

रविवारी उमेळ्याला गेले. घर आता पास्कूचं आहे, पण मोरीचं पाणी अजून केळीला जातं; केळींचे चारच खुंट उरलेत, पलीकडे बिल्डिंगची भिंत आहे. आत्या मागच्या पायरीवर वाल सोलत बसली होती. मी शेजारी बसले आणि पिंपापासून सुरुवात केली. मधेच थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं, म्हणून न थांबता बोलले. तिचे हात थांबले. सगळं सांगून झाल्यावर तिने वालाचं सूप बाजूला ठेवलं आणि आपले हात वर करून पाहिले, आधी तळवे, मग पाठी.

"म्हणजे मी धुतले होते," ती म्हणाली.

"हो आत्या. दोनदा. मी बघितलं होतं."

"मी म्हणत होते त्या डॉक्टरला. मग मला वाटायला लागलं, नसतील धुतले. आपल्यालाच वाटतं धुतले." तिने हात मांडीवर ठेवले. "तुझ्या रियाला भरवलं असतं ग मी. पास्कूच्या पोरीला भरवलं असतं."

मी तिच्या पायांना हात लावायला वाकले, तिने पाय मागे घेतले. "आज जा तू," ती म्हणाली. आवाज चढवून नाही. "आज मला तुझं तोंड बघवत नाही. जा." आईने आतून विचारलं, जेवून जात नाहीस? मी नाही म्हटलं आणि रिक्षात बसून पदराआड रडत घरी आले. तिने माफ केलं असतं तर मी इतकी रडले नसते, असं मला वाटतं. ती माझ्यावर रागावू शकली, हेच मला कितीतरी वर्षांनी मोकळं करणारं होतं.

पुढच्या रविवारी फोन पास्कूचा आला. "सेलूताई, इकडे ये. आत्याने माळ्यावरून पाटा काढायला लावलाय मला. कंबर मोडली माझी. काय झालंय हिला?" मी पोचले तेव्हा पाटा धुवून उन्हात ठेवला होता. आत्या म्हणाली नाही ये, म्हणाली नाही बस. कोथिंबीर-पुदिन्याची जुडी माझ्यापुढे सरकवली. "धू. नळाखाली. एक पान एक पान करून धू." मी धुतलं. ती उभी राहून बघत होती. दोनदा तिने परत धुवायला लावलं. मग तिने स्वतःचे हात धुतले, पुसले, आणि पाट्यावर बसली. वरवंट्याला तिची जुनी लय सापडायला जरा वेळ लागला. पास्कूची धाकटी पोरगी दारात येऊन उभी राहिली. तिने हे कधी पाहिलंच नव्हतं.

"इकडे ये ग," आत्या म्हणाली. तिने पहिल्या बोटावर चटणी घेतली. ते पुढे केलं, आणि मी पाहिलं की आईसुद्धा आतून येऊन उभी राहिली आहे. "मीठ बघ."

पोरीने बोट तोंडात घेतलं, डोळे मिटले, विचार केला. "कमी आहे," ती म्हणाली.

मागे पास्कू एकदम हसला. आत्या हसली नाही, तिने मिठाची बरणी माझ्याकडे ढकलली.

"ऐकलंस ना," ती म्हणाली. "घाल. तुझ्या हाताने घाल."